मुंगसाचं तोंड

१२ जानेवारी १९८६, रविवार

आज सकाळी माझ्या ओट्यावर मुंगूस होतं. उंदीर नाही, मांजर नाही, मुंगूस. पुण्याच्या मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे, ओळखायला चुकणार नाही. खिडकीतला एसी दुरुस्तीला गेला आहे. त्या भोकावर सदानंदने पुठ्ठा चिकटवला होता आणि "पक्का बसवलाय" म्हणून सांगितलं होतं. त्या पक्क्या पुठ्ठ्याला खालून भगदाड पाडून प्राणी आत आला, ओट्यावर चढला आणि दुधावरची साय खाऊ लागला. मी लाटणं उचललं. त्याने मान वर केली, मला नीट पाहून घेतलं, मिशांवरची साय चाटली आणि पुन्हा पातेल्यात तोंड घातलं.

असा अपमान माझा नववी 'ड'नेसुद्धा कधी केला नव्हता.

लाटणं फेकलं. ते बरणीला लागलं. लिंबाचं लोणचं गेलं. मुंगूस आल्या वाटेने निघून गेलं, तेही सावकाश. शेपटीचं टोक तुटलेलं आहे. कुणीतरी आधी प्रयत्न केलेला दिसतो. अर्धवट केला.

सदानंद माझा नवरा. तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते, डायरीत तेवढा मान द्यायला जागा नाही. तोंडाला दाढीचा साबण फासलेला तसाच धावत आला. काय फुटलं, कुणाला लागलं, काही विचारलं नाही.

"मुंगूस? खरंच? तोंड दिसलं?"

"आधी पातेल्यात होतं. मग माझ्याकडे वळलं. का?"

"म्हणजे तुला दिसलं! अगं, मुंगूस ज्याला तोंड दाखवतं त्याचं काम होतं. वाईला परीक्षेच्या दिवशी आम्ही पोरं मुंगूस दिसेपर्यंत घाटावरून हलायचो नाही."

"म्हणूनच इंटरला दोनदा बसलात."

परत दाढी करायला गेला. आज माझं एकच काम होतं, काचा वेचायचं. ते झालं.

२० जानेवारी, सोमवार

पुठ्ठा काढून पत्रा ठोकून घेतला. आता त्या प्राण्याने अंगणात मुक्काम टाकला आहे. अंगण सामाईक आहे ही अडचण. आखातातल्या या बेटावरचं, माहूजमधलं हे जुनं बसकं घर. खाली आम्ही, वर स्मिता आणि तिचा बँकेतला नवरा, अंगणापलीकडे घरमालकीण खदिजा आणि तिच्या कोंबड्या. अंगणात माझी एकच मालमत्ता, कुंडीतला कढीलिंब. रोप पुण्याहून हातात धरून आणलं होतं.

मुंगसाचे आठवड्यातले पराक्रम: वाळलेल्या कपड्यांच्या टोपलीत माझ्या इस्त्रीच्या साडीवर झोपलं. डाव्या पायाची चप्पल पाण्याच्या टाकीखाली ओढून नेली. घासून उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या परातीत स्वतःला पाहून अंगावरचे केस फुलवले, परातीशी भांडलं, हरलं आणि राग माझ्या झाडूवर काढला. झाडू गेला.

स्मिता मात्र खूष. दादरची मुलगी, बोलायला लागली की थांबत नाही. इथली ड्रायव्हिंग टेस्ट तिने इतक्यांदा दिली आहे की परीक्षक आता तिच्या घरच्यांची खुशाली विचारतो. आज सकाळी टेस्टला निघताना अंगणातून किंचाळली.

"काकू! गुंडू दिसला! माझ्याकडे बघून असं नाक उडवलं त्याने!"

"गुंडू कोण?"

"आपला मुंगूस! मीच ठेवलं नाव."

"जनावराला नाव ठेवलं की उद्या त्याचं बारसं जेवायला लोक येतात. ठेवू नकोस."

दुपारी पेढे घेऊन आली. पास झाली होती. सदानंद संध्याकाळी माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की जणू त्यानेच पेपर फोडला. मी स्पष्ट सांगितलं, ती पास झाली कारण आज पहिल्यांदा तिने आरशात लिपस्टिक न बघता मागची गाडी बघितली.

३ फेब्रुवारी, सोमवार

लोक येऊ लागले आहेत.

हे स्मिताच्या तोंडाचं काम. आज सकाळी दार उघडलं तर ईसा टाउनहून एक इंजिनियर, बायको आणि मुलगा. मुलाची शाळेच्या प्रवेशाची मुलाखत आहे म्हणून मुंगूस बघायला. पोरगं मराठी कळत असून इंग्रजीतच बोलतं.

"इज इट डेंजरस, आंटी?"

"ते नाही. मी आहे," मी म्हटलं. कळलं त्याला. आईच्या मागे गेला.

मग तिघंही पायरीवर बसली. मुंगूस येईना. ज्यांना नको त्यांच्या ओट्यावर चढतं, ज्यांना हवं त्यांना शेपूटसुद्धा दाखवत नाही. बसलेल्या माणसांना चहा द्यावा लागतो. चहा झाला, बिस्किटं झाली, शेवटी टाकीमागून पाठमोरं गेलं. "पाठ चालते का हो?" बाई विचारतात. मी म्हटलं, चालत नाही, तोंडच लागतं, शुक्रवारी या. असं बोलायला नको होतं. शुक्रवारी येणार आहेत.

परवा कुणीतरी टाकीपाशी हळदकुंकू वाहून गेलं. फडक्याने पुसून काढलं. काल कुणी बेसनाचा लाडू ठेवला. मुंगसाने तो खाल्ला आणि माझ्या उंबऱ्यावर ओकलं. एम.ए., बी.कॉम. झालेली माणसं.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक शास्त्रीय कोडं. कढीलिंबाच्या कुंडीत, मातीखाली, अंड्याची सालं सापडली. कच्च्या अंड्याची नाहीत, उकडलेल्या अंड्याची, नीट सोललेली. सदानंदला सकाळी मी दोन अंडी उकडून देते, डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यातलं एक रोज पळवलं जात असणार. मुंगूस कच्चं अंडं दगडावर आपटून फोडतं हे मी मुलींना शिकवलेलं आहे. पण उकडलेलं अंडं सोलून खातं आणि सालं पुरून ठेवतं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. नजर ठेवली पाहिजे.

सदानंदला विचारलं. म्हणाला, "हुशार असतात गं ती."

त्याच्यात एक सुधारणा मात्र नोंदवते. हल्ली लवकर उठतो आणि कढीलिंबाला पाणी घालायला स्वतः जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, झाडाला पाणी घालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. जरा जास्तच घालतो. मुळं कुजतील असं सांगितलं. कपडे ढगळ होऊ लागले आहेत. अंडी चालू ठेवली पाहिजेत.

कॅलेंडरवर शाळेच्या तोंडी परीक्षा लिहिल्या. लेखी मार्चअखेर. दरवर्षी लिहिते. सवय आहे, दुसरं काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

खदिजा अंगणात कंबरेवर हात ठेवून उभी. "बाई! तेरा जानवर मेरा दजाज खा गया!" तिच्या हिंदीत कोंबड्या तेवढ्या अरबी असतात. पिल्लं गेली होती. पिसं माझ्या दारापर्यंत आली होती, हे खरं.

"मेरा जानवर नहीं है," मी म्हटलं.

"तेरे दरवाजे पे लोग इसको सलाम करने आता है. तू चाय पिलाती है. फिर किसका है?"

असा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला असता तर त्या मुलीला शाबासकी दिली असती.

"सुन. या ये खलास, या तुम लोग खलास. घर खाली करो." आणि कागदाची पुडी पुढे केली. विष.

पुडी परत दिली. विष नाही. मला तो प्राणी नकोसा आहे, पण त्याला टाकीखाली तडफडत मारायचं आणि आपण आत बसून भाजी निवडायची, हे मला जमणार नाही. समोरासमोर काय ते करीन. खदिजा म्हणाली, तिच्याकडे पिंजरा आहे. मग तो आधी का नाही दिला? तर विष स्वस्त पडतं म्हणून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सदानंदच्या कंपनीचा ड्रायव्हर रावजी आज त्याला न्यायला जरा आधी आला. देवगडकडचा. गाडी उभी करून अंगणात घुटमळला.

"वैनीनू, जरा मुंगूस दिसात काय?"

"तुझी कसली परीक्षा आहे?"

"परीक्षा कसली. आमच्या पाच जणांका घराक धाडल्यानी. तेलाचो भाव पडलो, जहाजां येनत नाय. सायबांचा कॉन्ट्रॅक पण मार्चात सपता ना?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे संपतो हे माहीत होतं, दर दोन वर्षांनी संपतो आणि पुढे चालू होतो. या खेपेला होणार नाही असं कुणी बोललं नव्हतं. मीना सलमान बंदरातल्या गोदामात जहाजांना लागणारं सामान ठेवतात आणि त्याचे हिशेब सदानंद पाहतो. तिथे त्याला सगळे साहेब म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला विचारलं, "ऑफिसात कसं काय?"

"ठीक. सगळं ठीक." आणि भात ताटात इकडचा तिकडे केला.

ही डायरी कुणी वाचणार नाही, तर खरं लिहावं. मला बरं वाटलं. चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून इथे आले. माझ्या इथे राहण्याच्या परवान्यावर 'हाउसवाइफ' असं छापलं आहे. प्रयोगशाळेच्या किल्ल्या ज्या बाईकडे होत्या ती आता एका मुंगसाच्या पाहुण्यांना चहा देते. शाळेला अजून बाई मिळालेल्या नाहीत, मुख्याध्यापिकांनी नाताळात पत्रात लिहिलं होतं की जूनमध्ये आलात तर पहिल्याच दिवशी वर्ग घ्या.

सदानंदला मी हे बोललेले नाही. बोलणारही नाही. पुण्याला थोरल्या दिरांच्या घरी त्याला "सदू, जरा दूध घेऊन ये" म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पिशवी घेऊन जातो. त्याला राहायचं आहे आणि मला जायचं आहे, आणि ते मॅनेजर ठरवणार. ठरवू दे. पण ठरेपर्यंत माझ्या अंगणात शकुन-अपशकुन नकोत. खदिजाचा पिंजरा उद्या आणते.

२ मार्च, रविवार

पहिला दिवस: पिंजऱ्यात खदिजाचा कोंबडा. खदिजा त्यावर जे बोलली त्यातलं मला 'मफी मुख' एवढंच कळलं, म्हणजे मेंदू नाही. माझा की कोंबड्याचा, हे विचारलं नाही.

दुसरा दिवस: अंडं ठेवलं. मुंगसाने बाहेरून गजांमधून हात घालून अंडं गोल गोल फिरवत कडेला आणलं, जमेल तेवढं खाल्लं आणि पिंजऱ्याच्या टपावर बसून अंग चाटलं. मी खिडकीतून पाहत होते. त्याला ठाऊक होतं.

तिसरा दिवस: काही नाही. सदानंदने पिंजरा पाहिला.

"हा कशाला?"

"खदिजाचा आहे. कोंबड्यांसाठी."

खोटं नव्हतं. कोंबड्यांसाठीच आहे. मग म्हणाला, "त्याला काही करू नको हं." मी म्हटलं, मी विष परत केलं आहे. एवढ्यावर त्याचं समाधान झालं.

८ मार्च, शनिवार

पकडलं.

स्मिताकडे माहेरचे सोडे आले आहेत. मूठभर मागितले. "काकू, तुम्ही खाता?" म्हणून डोळे मोठे केले, पण दिले. सुक्या कोळंबीचा वास घराच्या बाहेरपर्यंत जातो. माझ्या बांगड्यांना अजून येतो आहे. सोडे फडक्यात बांधून पिंजऱ्यातल्या खिळ्याला टांगले. सदानंद ऑफिसला गेल्यावर खटका पडला.

खदिजाचा भाऊ पिकअप घेऊन आला. बसायची जागा एकच, पुढची. तो गाडी चालवतोय, दाराशी खदिजा, मधे मी, माझ्या मांडीवर पिंजरा. मागे ठेवा म्हटलं तर भाऊ म्हणतो, मागे सिमेंट आहे. बुदय्याच्या खजुरीच्या बागांपर्यंत मुंगूस माझ्या पोटाला पाठ लावून बसलं होतं. रागावलं की ही जनावरं एक वास सोडतात. ग्रंथी कुठे असतात हे मी फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. आज साडीवर आलं.

खदिजा सगळ्या वाटेने हसत होती. शेवटी म्हणाली, "अब तेरे दरवाजे पे सुबह कौन आएगा, बाई?"

"कोई नहीं. अच्छा है."

"अच्छा है," ती म्हणाली, आणि मग हसली नाही.

बागेत पिंजऱ्याचं दार उघडलं तर ते बाहेर येईना. आत बसून मिशा साफ करू लागलं. पिंजरा तिरका केला, हलवला, भावाने "यल्ला, यल्ला" म्हणून टाळ्या वाजवल्या. शेवटी उलटा केला तेव्हा धपकन पडलं, उठलं, अंग झटकलं आणि पाटाच्या कडेने निघून गेलं. वळून पाहिलं नाही. मीही बोलावलं नाही.

साडी तीनदा धुतली.

जेवताना सदानंदला सांगणार होते. पण आज तोच आधी बोलला. "उद्या सकाळी मॅनेजरने बोलावलंय. कॉन्ट्रॅक्टचं." आमटी वाढत होते, ती वाढली. तो म्हणाला, "निळा शर्ट इस्त्रीचा आहे ना?" आहे म्हटलं. मुंगसाचं राहून गेलं. उद्या सांगीन.

९ मार्च, रविवार

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

सदानंद अंगणात होता. निळा शर्ट, टाय, बूट. पाण्याची झारी कोपऱ्यात कोरडी पडलेली. तो टाकीपाशी ओणवा झाला होता आणि त्याच्या तळहातावर सोललेलं अंडं होतं.

"गुंडू," तो हळूच म्हणत होता. "ये रे. गुंड्या. आजच्या दिवस ये."

कुंडीतली सालं मला तेव्हा समजली. सत्तावीस वर्षं मी मुलींना सांगत आले की निरीक्षण करा, निष्कर्षाची घाई नको.

त्याने कपड्यांच्या टोपलीत पाहिलं. कढीलिंबामागे पाहिलं. गुडघ्यावर बसून टाकीखाली वाकला, टाय जमिनीला लागला. बाहेर रावजीने हॉर्न दिला. तरी उठेना. परीक्षेला उशीर झालेला मुलगा रिकाम्या दप्तरात पेन शोधतो, तसा.

मी बाहेर गेले.

"अहो, रावजी थांबलाय."

"आलो, आलो. पाणी घालत होतो झाडाला." अंडं खिशात टाकलं.

"ते आत्ताच गेलं," मी म्हणाले.

"काय?"

"मुंगूस. तुम्ही मोजे घालत होतात तेव्हा. भिंतीवरून गेलं."

"तोंड दिसलं?"

"दिसलं. थांबून बघत होतं."

आयुष्यात मी त्याला कधी खोटं सांगितलेलं नाही, म्हणून त्याने लगेच विश्वास ठेवला.

"तुला दिसलं," तो म्हणाला.

"मला दिसलं म्हणजे घराला दिसलं. गुडघे झटका आणि जा."

झटकले. गेला. चालताना ताठ होता. गाडी गेल्यावर मी दारातच उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी मनात म्हणते आहे, होऊ दे त्याचं. पुढची दोन वर्षं चहा करीन. वाटेल त्या माणसाला करीन.

त्याच दिवशी, संध्याकाळ

लवकर आला. बूट काढले, नीट जोडीने ठेवले.

"नाही झालं," म्हणाला. "महिनाअखेरपर्यंतच. चांगला बोलला. काम चांगलं म्हणाला, चहा दिला. मग सॉरी म्हणाला."

मी पाणी दिलं. त्याने खिशातून अंडं काढून ओट्यावर ठेवलं. चेपलं होतं, खिशातला दोरा चिकटला होता.

मग तो हसला. मला वाटलं याला काहीतरी होतंय.

"पण बघ हं, मुंगूस खोटं नाही. ज्याला तोंड दाखवतं त्याचं काम होतं. मला कुठे दाखवलं? तुला दाखवलं. तुझं काम झालं."

"माझं कसलं काम?"

"कॅलेंडर माझ्या ऑफिसचं आहे, पण त्याच्यावर तारखा तुझ्या शाळेच्या आहेत. चार वर्षं बघतोय. जूनवर तर खूण केलीस." बटणं काढत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "चांगलंच झालं की. एकाचं तरी झालं."

तोंड उघडलं होतं मी. सांगणार होते की मला काहीही दिसलेलं नाही, दिसण्यासारखं तिथे काही नव्हतंच, मी स्वतः मांडीवर घेऊन जाऊन त्याला बुदय्याला टाकून आले. पण हे सांगितल्यावर त्याच्याजवळ राहिलं काय असतं? तेलाचा भाव आणि एक चेपलेलं अंडं.

"चहा टाकते," म्हटलं.

२३ मार्च, रविवार

खोकी बांधते आहे. स्मिता रडते आणि खोक्यांच्या मधे येते. रावजीचंही तिकीट निघालं, तो आमच्या आधी गेला. खदिजा खजूर घेऊन आली, मिठी मारली, आणि डोळे पुसता पुसता भांडली: मुंगूस गेल्यापासून कोंबड्यांच्या दाण्यात उंदीर झाले आहेत. "वापस ला उसको!" मी म्हटलं, पिंजरा तुझा, गाडी तुझी, जा आणि आण. घर कायमचं सोडतानाही माणसं मला शांतपणे जाऊ देत नाहीत.

सदानंद सगळ्यांना पत्ता लिहून देतो. "निवृत्त," असं स्वतःच्या नावापुढे म्हणून बघतो आणि खोडतो. सकाळी लवकर उठतो अजून. कढीलिंबाला पाणी घालतो, खरोखरचं पाणी. झाड स्मिताला द्यायचं ठरलं आहे.

३० मार्च, रविवार

विमान उद्या. डायरी शेवटची बॅगेत टाकायची म्हणून आत्ताच लिहिते.

दुपारी धुण्याचे पिळे घेऊन अंगणात गेले. टाकीवर काहीतरी होतं. मातकट, सडपातळ, पुढचे पाय छातीशी घेऊन मागच्या पायांवर उभं. शेपटीचं टोक तुटलेलं. बुदय्यापासून इथवर ते कसं आलं याचा विचार करायला मला वेळ झाला नाही, कारण ते मान वळवत होतं. कान दिसला, गाल दिसला.

मी पाठ फिरवली. इतक्या झटक्याने की पिळा हातातून पडला. बेशरम प्राणी. हवं होतं तेव्हा नाही, आणि आता, माझ्याकडे? मला काही नको आहे. माझं सगळं झालेलं आहे. भिंतीला नाक लागेल इतकी जवळ उभी राहिले आणि ओरडले.

"अहो! बाहेर या. आत्ताच्या आत्ता. आवाज करू नका!"

आवाज मीच करत होते. आतून खोकं पडल्याचा धडाका आला, मग पावलं, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. पावलं दारात थांबली.

"टाकीवर बघा," मी भिंतीला सांगितलं.

पलीकडे खदिजाच्या कोंबड्या एकदम ओरडायला लागल्या आणि गप्प झाल्या. भिंतीच्या चुन्याला भेगा होत्या, त्या पाहत राहिले.

"दिसलं?"

"दिसलं," तो म्हणाला.

"तोंड?"

"तोंड."

वळले. अंगणात पाण्याची टाकी होती, कढीलिंब होता, मातीत पडलेला पिळा होता, आणि एका पायात चप्पल घातलेला माझा नवरा. दुसरं काही मला दिसलं नाही. तो म्हणतो दिसलं, म्हणजे दिसलं.